रेषेपासून चाळीस पावलं

अक्कलकोट रोडच्या चौकात नवा सिग्नल बसला.
खांबावर डोळा आहे म्हणे त्याला,
गाड्या मोजतो, रांग लांब दिसली की
तिकडं हिरवा सोडतो.
"आता आम्हाला काम नाही," बनसोडे हवालदार म्हणाले
आणि शिट्टी पुसत बसले.

मार्चभर बरा चालला.
एप्रिलात पारा त्रेचाळीसवर गेला
तशा आमच्या रिक्षा, दुधाच्या फटफट्या,
चादरींचे गठ्ठे लादलेला छोटा हत्ती,
सगळे पांढऱ्या रेषेच्या चाळीस पावलं मागं थांबू लागले,
लिंबाच्या सावलीत.
रेषेवर नुसतं ऊन उभं.

डोळ्यानं पाहिलं: रस्ता रिकामा.
लाल तसाच ठेवला.

"का थांबूलालास बे, पुढं घे की!"
पुढं कोण घेणार?
सीटवर शेंगा भाजून निघतील.

या घोळात सुखी एकच, राजव्वा गुंडेटी.
वळलेल्या विड्यांचं सूप कमरेला धरून
अकराच्या ठोक्याला कारखान्याकडं निघालेली.
आधी तिला बारा सेकंद मिळायचे.
तिच्या गुडघ्यांना लागतात पंचवीस.
शून्य यायचा तेव्हा ती मधोमध,
आणि आम्ही, मीसुद्धा, खोटं कशाला बोलू,
एक्सलेटर पिळत चाक इंच इंच पुढं सरकवत.

आता ती सावकाश जाते.
मध्येच थांबून पदर सारखा करते,
सुटलेली जुडी खोचते,
वर लालकडं बघून म्हणते,
"शाना झाला गं पोरगा."

काल पुण्याचा इंजिनिअर आला.
दहा मिनिटं रेषेवर टिकला,
मग आमच्यातच येऊन उभा राहिला, लिंबाखाली.
आम्ही पाणी दिलं.
पिऊन म्हणाला, फांदी आड येते,
काढावी लागेल.

बनसोडेंनी विचारलं, "बाई दिसती का ह्याला?"
त्यानं लॅपटॉप फिरवला. मार्चचं चित्र.
प्रत्येक रिक्षाभोवती हिरवी चौकट, माझ्याही.
मधोमध राजव्वा, सूप, वाकलेली पाठ.
तिच्याभोवती काही नाही.
"पुढच्या अपडेटमध्ये," तो म्हणाला.

फांदी गुरुवारी तोडणार.
तोवर मी रेषेवर जाऊन थांबतो, उन्हात,
हँडलवरचा हात सैल सोडून
पंचवीस मोजायची सवय करतोय.

सतरापर्यंत जमतं.
मग मूठ आपोआप वळते.