चांदणं होतं का?

दर रविवारी दुपारी दोन वाजता
न्खोताकोटाच्या चर्चमागच्या खोलीत
तेवीस मुलं, सहा बाकडी
आणि एक फळा, ज्याच्यावर खडूपेक्षा
पालीचेच पाय जास्त उमटलेले.

माझी इंटर्नशिप तीन महिन्यांची.
वहीत बारा धडे, प्रत्येकाच्या शेवटी तीन प्रश्न,
आणि उत्तरंही मीच लिहून आणलेली,
विमानात, जेवणाच्या ताटाखाली कागद दाबून.

दुभाषा यान्खो. सतरा वर्षांचा,
शर्टाचं वरचं बटणही घट्ट लावणारा.
मी चार वाक्यं बोलले की तो दोन शब्द बोलायचा
आणि सगळे हसायचे.
“काय सांगितलंस?”
“तुम्ही म्हणालात तेच, मॅडम. नुसतं वाळवून.”

वाळवून!
बाहेर मांडवांवर उसिपा वाळत होते,
बोटभर चांदीचे मासे, हजारो,
आणि वास थेट सुकटीचा.
पहिल्या दिवशी तो नाकात शिरला
तेव्हा मला रडू आलं होतं,
आई विमानतळावर सोडायला आली तेव्हा नव्हे.

पाचवा धडा जाळ्यांचा.
कोळी रात्रभर राबतात, हाती काही लागत नाही,
सकाळी काठावरून कुणीतरी म्हणतं, पुन्हा टाका.
मी फळ्यावर होडी काढली. तिची चप्पल झाली.
मी म्हटलं, निराशा. मी म्हटलं, विश्वास.
यान्खोने दोन्ही वाळवून दिले.

मग लिम्बिकानीने हात वर केला.
तो खिडकीशी बसायचा, कधी बोलायचा नाही.
“त्या रात्री चांदणं होतं का?”

माझ्या तीन प्रश्नांत हा नव्हता.

चांदणं असेल तर गेलेच कशाला? हे तियामिकेचं,
जिच्या बोटांवर जाळं विणायच्या दोऱ्याचे वळ.
पुनवेला होडीतला दिवा कोण बघतो? मासा वर येतच नाही,
आठवडाभर होड्या उपड्या पडून असतात,
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.
नसेल त्यांच्याकडे दिवा, मागून कुणी म्हणालं.
असेल, रॉकेल संपलं असेल.
होडी भाड्याची असेल, चिम्वेम्वे म्हणाली,
मालक रात्री मोजत असेल,
मग चांदणं असो नसो.

खोली एकदम गप्प झाली.
हे शेवटचं यान्खोने मला तेव्हा सांगितलंच नाही.
नंतर सांगितलं, सायकल ढकलत चालताना:
लिम्बिकानीचा थोरला भाऊ म्वेराच्या वाऱ्यात गेला.
होडी भाड्याची होती.
होडी सापडली.

पुढच्या रविवारी मी सहावा धडा उघडला नाही.
आम्ही पाण्याकडे गेलो.
तियामिकेने गाठ शिकवली, माझी तीनदा सुटली.
चर्चचे वडील, म्हातारे कापालामुला, काठी टेकत आले,
मला वाटलं आता बोलणी बसणार,
तर ते वाळूत बसले आणि माझीच गाठ सोडून
पुन्हा मारू लागले, न बोलता, माझ्याकडे न बघता.
लिम्बिकानी उभा होता.
त्याने दक्षिणेकडे बोट केलं.
वारा यायच्या आधी तिकडे पाणी काळं पडतं, म्हणाला,
पेन्सिलीच्या रेघेएवढं.
हे त्याने इंग्रजीत सांगितलं, मलाच सांगितलं.
यान्खोला मध्ये घेतलं नाही.

परतायच्या आदल्या रात्री अहवाल भरायला बसले.
किती तरुणांपर्यंत पोहोचलात: तेवीस.
पूर्ण झालेले धडे: पाच.
प्रार्थनेचे विषय: या रकान्यात चार ओळी जागा.

बाहेर अमावास्येला टेकलेला अंधार
आणि पाण्यावर दिव्यांची रांग,
अख्खं गाव घसरत आत गेल्यासारखी.
पेन ठेवलं. मोजायला लागले.
एकोणतीस.
पहाटे परतताना पुन्हा मोजायचे होते,
म्हणून झोपले नाही.