तूर्त स्थगित

सोमवारी कपाटाच्या तळातून खोकं ओढून काढलं.
वर जाड मार्करने लिहिलेलं: झाडं. तूर्त स्थगित.
अक्षर डग्लसचं. तो निवृत्त होऊन
कुठल्याशा गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतो आता.
तूर्त म्हणजे नऊ वर्षं,
हे तेव्हा त्यालाही ठाऊक नसणार.

तेव्हा पैसे नव्हते. परिषदेने हात वर केले.
परवाही त्यांनी हात वर केले,
पण या वेळी ते मोजले गेले.
सात विरुद्ध चार.

माझं काम सोपं.
अर्जावरच्या नंबरला फोन करायचा आणि विचारायचं,
तुमच्या दारासमोर रस्त्याकडेला
झाड हवंय का अजून?

तीनशे बारा अर्ज.
पहिल्या तासात एकोणीस नंबर अस्तित्वातच नाहीत.
एकीने विचारलं, पानं कोण झाडणार?
मी खरं ते सांगितलं: तुम्हीच.
एक म्हातारा म्हणाला, कसलं झाड? कुठली नगरपालिका?
मग इतका वेळ गप्प राहिला
की मला वाटलं, फोन ठेवला.
हवंय, म्हणाला. लिहून घ्या. पण लवकर आणा.

आणि एकशे अठरावा अर्ज.
ओलेना हावरिलुक, टॅनर स्ट्रीट.
पसंतीच्या रकान्यात मावलं नाही म्हणून
समासातून वळत वळत कागदाच्या पाठीपर्यंत:
लिंडन. आमच्याकडे लिपा म्हणतात. दुसरं काही नको.
खिडकीसमोर नको, जरा डावीकडे लावा,
टपालवाला तिथे उभा राहून पिशवी उघडतो,
जुना एल्म पाडल्यापासून उन्हात उभा असतो.

फोन एका मुलाने घेतला.
मागे कढईत काहीतरी चरचरत होतं.
आई कामावर आहे. ओलेना कोण?
मग म्हणाला, थांबा. जिची पत्रं अजून येतात आमच्याकडे, ती?

अर्जदार पत्त्यावर नसल्यास अर्ज रद्द.
नियम क्रमांक सहा. शिक्का माझ्या कोपरापाशीच होता.
मी विचारलं, तुम्हाला हवंय का?
फुकट?
फुकट. पण दोन उन्हाळे पाणी घालायचं,
आठवड्याला वीस लिटर.
तो पुटपुटत हिशेब करू लागला:
दुधाचे पाच मोठे कॅन. आई ते फेकत नाही.
ओलेनाच्या नावावर काट मारली नाही.
खाली लिहिलं: मारिविक दुमलाव, मुलगा एलियास, वय अकरा.

मे संपता संपता जमीन सैल झाली.
फुटपाथकडेला झेंडे लागले,
पिवळा गॅसचा, निळा पाण्याचा,
लोकांना वाटलं कसलीतरी मिरवणूक आहे.
कुदळ क्लॅरेन्सकडे.
नारिंगी ठिपका मारलेले एल्म त्यानेच पाडले होते, रस्ताभर,
एका उन्हाळ्यात एकशे साठ.
कुठे कुठला बुंधा होता, त्याला न बघता सांगता येतं.
खणताना एकदा थांबला.
जुनं मूळ लागलं होतं, काळं,
बोटांत चुरडलं तर चहाच्या चोथ्यासारखं.
तो काही बोलला नाही. तेच खड्ड्यात परत टाकलं.

गोणपाटात बांधलेलं रोप, केरसुणीच्या दांड्याएवढं.
जरा डावीकडे, एलियास सांगत होता. अजून जरा.
झेंडा बघ, क्लॅरेन्स म्हणाला, खाली गॅस आहे.
पण वीतभर सरकवलं.

टपालवाला आला. हा नवा आहे, तरुण,
कानात काहीतरी वाजत असतं.
नेमका तिथेच थांबून त्याने पिशवी उघडली.
लिंडनची सावली
त्याच्या एका बुटावर पडली, तीही अर्ध्याच.
त्याच्या लक्षात आलं नाही.
एलियासच्या आलं.

उद्या एकशे एकोणीस.
तिथे हॅकबेरी मागितलंय, अक्षर लागत नाही.