जीवा

कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये आमचा वातबोगदा आहे.
एका तोंडाने शेडमधली हवा पितो,
दुसऱ्या तोंडाने तीच ओकतो.
मधे दोन फुटांची काचेची पेटी
आणि पेटीत आडवा, तुणीच्या लाकडाचा पंख.

सुताराने केलेले तीन पंख
मगदूम सरांनी नुसतं बोट फिरवून परत केले.
चौथा मिरजेच्या दस्तगीरचाचांनी केला.
ते एरवी भोपळ्यावर तंबोऱ्याचा गळा बसवतात.
अठरा दिवस घासला. लाखेचे सात हात दिले.
गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन
एसटीने सांगलीला आले,
तर कंडक्टरने विचारलं, अर्धं फाडू का?

त्याच पंखाच्या साच्यातून आमचं ड्रोन निघालं.
मिरजेच्या रक्तपेढीतून जतला जायचं,
पोटात दोन पिशव्या, भोवती बर्फ.
पहिल्या खेपेला रक्त वेळेत पोचलं.
पण डफळापूरच्या माळावर मेंढ्या उधळल्या,
एक गाभण ओढ्यात पडली,
आणि बिरू हाक्के फोनवर एवढंच म्हणाला,
"वरनं शिट्टी कोन मारत हुतं?"

मी बोगदा लावला.
अठराला गप्प. वीसला गप्प.
बावीस मीटर दर सेकंदाला
पंख गायला लागला.

वेग सावकाश वाढवा, सूर सावकाश चढत नाही;
एका पायरीवर हट्टाने उभा राहतो
आणि मग एकदम वरच्या पायरीवर.
पडद्यावर सुळका: सातशे सत्तावन्न.
चाचा आले, चप्पल बाहेर काढून काचेशी उभे राहिले,
आकड्याकडे पाठ.
"काळी तीन," म्हणाले. "जराशी चढी."

मग विचारलं, चूक कुणाची?
सरांना खोटं बोलता येत नाही.
"तुमची. फार गुळगुळीत केलात.
हवा इतकी बिनबोभाट सरकते
की मागच्या काठावर आल्यावर
सगळी एकाच लयीत थरथरते."
चाचा बराच वेळ पंखाकडे बघत राहिले.
"चाळीस वर्षं गिऱ्हाईक म्हणतंय, अजून घासा.
थांबा म्हणणारे तुम्ही पहिले."

खिशातून रीळ काढलं, पांढरा सुती दोरा.
तंबोऱ्यात घोडीवर, तारेखाली सरकवतात तोच.
जीवा.
"तिथं ही आवाज उघडते. हिथं बघू."
पंखाच्या पोटाकडून, पुढच्या काठापासून दोन बोटं,
आडवी चिकटवली. बोगदा लावला. शिट्टी.
बंद. नखभर मागे. शिट्टी, पण फाटकी.
बंद. अजून केसभर.
शिदूने पुन्हा खटका दाबला
आणि तो सुळका खाली बसला,
गॅस बंद केल्यावर दूध बसतं तसा.
नुसता वारा ऐकू येत होता. साधा, खरबरीत.

ओढ थोडी वाढली,
बॅटरीचे दोन किलोमीटर गेले.
तक्त्यात मी तेही लिहिलं.

प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात मी लिहिलं "जीवा".
सरांनी लाल पेनने खोडून "प्रवाहखंडक" केलं.
मी पुन्हा "जीवा" केलं.
सध्या मसुदा त्यांच्याकडे आहे.
अकाउंट्सने फाइल परत पाठवली:
सुती दोरा, एक रीळ, रुपये बारा,
तीन कोटेशनं जोडावीत.

डफळापूरवरून ड्रोन आता मंगळवारी जातं.
बिरूला विचारलं, तर म्हणाला, कधी गेलं?

एक गोष्ट मात्र राहिली आहे.
सव्वीस मीटरला अजून एक बारीक सूर येतो,
दोरा कुठेही सरकवा, तो हलत नाही.
आठ दिवस मी त्याच्या मागे होते.
काल रात्री चाचांना फोनवरून ऐकवला.
पलीकडे रंधा थांबला.
"तो पंखाचा नव्हं, पोरी," म्हणाले,
"शेडचा पत्रा बघ."