अर्थिंग

दीपचंद कुंभरे वायरमन आला तेव्हा
त्याने भिंतीकडे बघितलंच नाही.
अंगणभर फिरला, टाचेने माती दाबली,
म्हणाला, "चार्जर कुठीबी लावू मॅडम,
आंधी खड्डा पायजे."

नऊ फूट.
आमची काळी माती, वरून भेगाळलेली, आत लोण्यासारखी.
दोन फुटांवर बैलाची अर्धी नाल निघाली,
पाचावर कोणाची तरी निळी गोटी,
त्याखाली मातीच.
मग तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ,
पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ.
कुंपणावरून सुलोचनाबाई इंगळे म्हणाल्या,
"लोणचं घालून रायले का जी?"
दीपचंद हसला नाही.
"यात रोज बादलीभर पानी टाकजा.
वर काही बिघडलं तं
करंटले खाली जायले जागा पायजे."

लोड वाढवायला आर्णीच्या ऑफिसात तीन चकरा.
दोन किलोवॅटचे सहा.
"गिरणी टाकता का?"
नाही, गाडी.
बाबूने रकाना वरून खाली, खालून वर वाचला
आणि लिहिलं : इतर.

पहिल्या रात्री गल्ली जमली.
पांढरी डबी, हिरवा दिवा, जाड काळी नळी
गाडीच्या कुशीत शिरलेली.
"डॉक्टरीणबाईनं गाडीले सलाईन लावली!"
मी डॉक्टरीण नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे,
पण हे गावात कोणालाच सांगून झालेलं नाही.
इंगळ्यांच्या पिंकीने बॉनेटला कान लावला.
"काहीच वाजत नाही."
"एका रातीत किती पेते?"
पंधरा युनिट.
"अन् दूध?"

हिवाळ्यात कळलं, वीज कोणाची असते.
हरभऱ्याचं दुसरं पाणी. रात्री बाराला
शिवारात थ्री फेज येते, आणि एकामागे एक
मोटारी उठतात.
फीडर वेगळा आहे म्हणतात. असेल.
माझ्या डबीवर आकडा उतरतो,
दोनशे दहा, एकशे नव्वद, एकशे अडुसष्ट,
आणि दिवा लाल.
खिडकीतून दिसतात नाल्यापलीकडे टॉर्च,
दोन, मग चार,
दांडाने चालत जाणारी माणसं, गुडघ्यापर्यंत ओली.
राग येतो, खोटं कशाला बोलू.
मग अंगावर गोधडी आहे हे लक्षात येतं
आणि तोही नीट येत नाही.

एकदा तीन वाजता फोन. किन्हीला गाय अडली.
सव्वीस किलोमीटर, बॅटरी एकतीस टक्के.
हीटर बंद, चाळीसच्या वर नाही,
उतारावर पाय काढून घेत, काचेवर धूर,
हिशोब करत गेले,
जसा हिशोब पेट्रोलच्या दिवसांत कधी केला नव्हता.
वासराचे पाय मागचे आधी आले होते.
पाऊण तास हात आत. वासरू जगलं.

उजाडताना धन्याने, विठोबा ढाकणेंनी,
गाडीकडे बोट दाखवलं.
"इथंच लावा ना थोडा वेळ, मोटारीच्या पेटीले."
मी पेटी उघडली.
हिरवी वायर भिंतीतल्या खिळ्याला
दोन वेढे देऊन बांधलेली.
त्याच खिळ्याला अडकवलेलं दावं,
दाव्याला ओली गाय.
मी गाडी लावली नाही.
अंगणात गेले,
टाचेने माती दाबली.
"भाऊ, आंधी खड्डा पायजे," मी म्हणाले,
आणि आवाज माझा वाटला नाही.

घरी नऊ टक्क्यांवर पोचले.

आता मे. छेचाळीस अंश.
दीपचंदने लावलेल्या सिमेंटच्या चौकटीभोवती
आख्ख्या अंगणातला एकमेव ओला तुकडा.
तिथे काही उगवत नाही, मीठ आहे ना खाली.
बाळ्या कुत्रा मात्र दुपारभर
पोट टेकवून पडून असतो.
बादली घेऊन जाते तेव्हा
एक डोळा उघडतो, जरा सरकतो,
पाणी जाऊ देतो.