कोरे फुगे

पाचव्या दिवशी पाणी येतं आमच्या गल्लीत,
अशोक चौकाच्या मागे, रात्री अडीचला.
नेमकं त्याच दिवशी अकरावीला
मला पाण्याचा आकार शिकवायचा होता.

गड्ड्याच्या जत्रेतले उरलेले चार फुगे
देठाशी आवळून एकाच गाठीत बांधले,
टेबलावर सोडले.
कुणी कुठं तोंड करायचं, ते मी सांगितलं नव्हतं.
एक छताकडे गेला,
तीन खाली रोवले गेले तिकाटण्यासारखे;
गाठ न सोडता
जितकं लांब जाता येईल तितकं लांब.

इलेक्ट्रॉनच्या जोड्या अशाच, म्हटलं.
ऋणाला ऋणाचा शेजार सोसत नाही.

दोन फुग्यांवर स्केचपेननं हायड्रोजन लिहिला.
दोन कोरे ठेवले.

अनसूया येमुल उठली.
पहाटे आईसोबत विड्यांची पानं कापून येते,
वहीलासुद्धा तंबाखूचा वास.
"मॅडम, आकाराचं नाव अणू बघून ठेवतो ना आपण?
मग हे दोघं कुणाचेच नाहीत, तर
कशाला मोजायचे?"

ढकलतात म्हणून.
बांधलेली जोडी दोन्हीकडून ओढली जाते,
मागावरच्या सुतासारखी बारीक होते.
मोकळी जोडी एकाच अणूची,
ती ऐसपैस बसते,
शेजारच्यांना रेटते;
एकशे साडेनऊचा कोन
एकशे साडेचारवर येतो.
म्हणून पाणी वाकडं.
म्हणून थेंब थेंबाला धरून राहतो.

"आणि सरळ असतं तर?" मागच्या बाकावरून.
तर धरलं नसतं एकमेकांना.
वाफ होऊन गेलं असतं कधीच.
"म्हणजे नळाला नुसती हवा?"
"हवा तर आत्ताबी येतीच की,
पहिली दहा मिनिटं!"
वर्ग हसला. मीही.

रात्री अडीचला नळ आधी खाकरला, फुसफुसला,
मग आलं.
घागर, बादल्या, कुकर, फुलदाणीसुद्धा.
शेवटच्या तांब्यात बघत उभी राहिले,
काय दिसणार होतं म्हणा.

सकाळी वर्गात फुगे सुरकुतलेले,
पण गाठ तशीच.
कोऱ्या दोघांवर कुणीतरी
हजेरीपटातल्यासारखं बारीक अक्षरात लिहिलेलं:
हजर.
हजर.

दासरी शिपाई केराची टोपली घेऊन आला.
राहू देत, म्हटलं,
आज अमोनिया आहे.