वडगावहून सरळ रेषेत

विशूनं फोनला विचारलं,
बेळगाव ते टोरांटो किती?
फोननं एक निळी कमान काढली,
वाळवंटावरून, बर्फावरून,
खाली आकडा : बारा हजार आठशे किलोमीटर.
सरळ विमान असतं तर
पंधरा तास चाळीस मिनिटं.

नाही तसलं विमान.
सांबऱ्याहून उडतं ते बेंगळूरपर्यंत,
मग दिल्ली, मग पाय सुजेपर्यंत खुर्ची.
कमान मात्र बिनधास्त
बटाट्याच्या वाफ्यांवरून वर चढलेली.

मला किलोमीटर कळत नाही. सूत कळतं.
एका साडीत, उभं-आडवं मिळून,
छत्तीस किलोमीटर सूत जातं.
हे बापानं शिकवलं नव्हतं,
एकदा वीज गेली तेव्हा मीच
मागाला टेकून पाटीवर मांडलेलं.
भागलं.
तीनशे पंचावन्न साड्या.
दिवसाला एक धरली तर वर्षात दहा दिवस सुटीचे,
आणि अमावास्या बारा.
म्हणजे दोनदा पाप करावं लागणार.

विशू म्हणाली, अप्पा,
एवढं सूत कस्टमवाले सोडतील काय?

रेवणच्या लग्नाला ती आली
एकोणतीस तासांत,
तीन विमानं, कानात अजून ढग,
हळदीच्या आधी न्हाऊन तयार.
आणि चंद्राक्का, इचलकरंजीची,
साड्यांत मोजली तर साडेतीन,
तिची एसटी कोगनोळीला अडवली.
कुणीतरी कुठल्यातरी पाटीला काळं फासलेलं.
कुठल्या भाषेतल्या, ते नाक्याच्या अलीकडं एक ऐकू यायचं
आणि पलीकडं दुसरं.

मुहूर्ताला ती एसटीच्या सावलीत उभी होती.
मंगलाष्टकं फोनवर ऐकली, निम्मीच,
मग रेंज गेली.
मुठीतल्या अक्षता तिथूनच टाकल्या,
दिशा अंदाजानं धरून.
संध्याकाळी फोन : "पोचल्या काय रे?"
मी म्हटलं, होय की गं अक्का,
रेवणच्या कोटावर हाईत अजून.
कंडक्टरच्या टोपीवर पडल्या असतील बहुतेक.

विशू परत गेली त्या दिवसापासून
मी साड्या मोजतो.
काल अडतिसावी उतरवली.
कमान बघितली तर जैसलमेरच्या पुढं,
तारेच्या कुंपणाला लागून.
इथं अडवतील काय, म्हणून तिला विचारलं.
तिकडं पहाट होती, तिनं नुसता हात हलवला,
झोपेत, किंवा "जाऊ दे" म्हणून.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
बोटानं नकाशा मोठा करत गेलो
तेव्हा दिसलं,
कमान कोगनोळीवरूनच जाते.
दुसरी साडी जवळजवळ तिथंच संपते.
बाकीच्या सावकाराकडं गेल्या, ती ठेवलीय.
बस नीट सुरू झाल्या की नेऊन देणार.
हिरवी आहे, तांबड्या काठाची.
अक्काला हिरवा आवडत नाही,
पण तेव्हा मागावर ताणा तोच होता.