अठरा सेकंद

चॅनल नंबर सत्तेचाळीस. सक्करदऱ्यात ऑफिस अजून आहे,
म्हणजे शटर अर्धं उघडं असते आणि आत मी.
कॅमेरा एकच होता, गजभियेच्या लग्नाच्या शूटिंगमधला,
तिथी दाट असली की तोही नसायचा,
मग पडद्यावर गुलाबाचं चित्र अन् नुसता माझा आवाज.
आंतरमहाविद्यालयीन कबड्डी, थेट.
मधेच सांगायचो, पांढरी ॲक्टिव्हा गेटातून हलवा बावा,
मधेच कोणाच्या नातवाला वाढदिवसाच्या शुभेच्छा,
आणि पकड बसली की बोलणं विसरून
टेबलावर हात आपटायचो. तेही ऐकू जायचं
पार नंदनवनपर्यंत.

यंदा सामने ॲपवर आहेत. फक्त ॲपवर.
महिन्याला एकशे एकोणपन्नास, एका फोनवर एकच लॉगिन,
सिम ज्याच्या नावावर, ओटीपी त्याला.
खोटं कशाला बोलू, पोरींना बूट मिळाले.
मॅटवर न घसरणारे, मापाचे.
दोन-दोन जर्सी, रोज दोन अंडी, गुडघ्याला पट्टी बांधायला वेगळा माणूस.
मोनाली उईके मागच्या साली
सीनियरचे बूट घालून खेळली, पुढं कापूस कोंबून.
तिचा फोटो आता ॲपच्या पहिल्या पानावर आहे
असं म्हणतात. मी उघडलं
तर आधी पैसे मागतात.

सामना रात्री साडेनऊला, कारण तो स्लॉट रिकामा होता.
डिसेंबरात, नागपुरात, रात्री साडेनऊला.
हॉस्टेलचं गेट दहाला बंद होते,
वॉर्डनशी भांडायला कंपनीचा माणूस येत नाही.
प्रेक्षक एकाच बाजूला बसवतात, कॅमेऱ्यासमोर,
पास देऊन, एका रंगाचे टी-शर्ट घालून.
दुसऱ्या बाजूला अंधार, खुर्च्यांवर रचलेल्या खुर्च्या.
तर्रीवाला कुंभारे पहिल्या दिवशी
भरलं पातेलं घेऊन आला
अन् भरलं पातेलं घेऊन गेला.

मी भिंतीला लागून उभा राहतो, बाहेरून.
शेजारी आठ-दहा पोरं एका फोनवर वाकलेली.
भिंतीपलीकडून आरोळी उठते,
फोनमध्ये मोनाली अजून मधल्या रेषेवर,
अजून मांडीवर थाप मारून राह्यली.
अठरा सेकंद. मी मोजले आहेत.
पोरं मान वर करत नाहीत.
मीही सांगत नाही की झालं, मिळाला बोनस,
कोणाचा सण कायले नासवा.

दहा वाजून गेले की माझा फोन वाजतो.
कवडू उईके, बुटीबोरीहून, कारखान्याच्या गेटवरून.
बटणांचा फोन आहे त्याच्याजवळ.
"भाऊ, तुमचं चॅनल लागून नाही राह्यलं."
दर सामन्याला हेच म्हणतो. त्याला माहीत आहे.
मग जरा थांबून,
"भिंतीले लावा ना."
मी लावतो. हात अवघडेपर्यंत.
विटांतून जेवढी पोरगी जाते तेवढी
तो ऐकतो.

आज शेवटची चढाई, एका गुणानं मागं.
आत एकदम सामसूम.
सामसूम दोन तऱ्हेची असते,
एक पंचाचं बोट वर होईपर्यंतची,
एक पकडीची, सातजणींच्या खाली दबलेली.
वीस वर्षं माइकवर गेली माझी,
मला कळते कोणती कोणती.

फोन कानाला घेतला.
तिकडं ट्रकचा हॉर्न, कुत्रं,
आणि कवडूचा श्वास नाहीच,
धरून ठेवलेला, चढाईत धरतात तसा,
एका दमात.
"परत आली का भाऊ?"

पोरांच्या फोनमध्ये ती आत्ता
रेषा ओलांडून गेली होती.
"थांब," म्हटलं,
"अजून खेळून राह्यली."